कॉफी नव्हे, डिकॉक्शन ठेवा

रात्रीची झाकपाक झाली की महाराष्ट्रातल्या घरात विरजण लागतं. बेंगळुरूतल्या कितीतरी घरांत त्याच सुमारास फिल्टर लागतो. एकावर एक बसणारी पितळेची किंवा स्टीलची दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं. त्यात तीन-चार चमचे पूड, तिच्यावर दांड्याची चकती, मग उकळतं पाणी आणि झाकण. सकाळपर्यंत खाली थेंबाथेंबानं काळंभोर डिकॉक्शन जमलेलं असतं. त्यावर तापलेलं दूध ओतायचं, साखर घालायची आणि ते टंबलरमधून वाटीत उंचावरून दोन-तीनदा फिरवायचं. कॉफी तयार.

या रोजच्या सवयीत साठवणुकीचा अस्सल धडा आहे: ठेवायचं ते डिकॉक्शन, तयार कॉफी नाही.

शहरातली जुनी हॉटेलं हेच करत आली आहेत. गांधी बाजारचं 1943 चं विद्यार्थी भवन असो, की शंकरपुरममधला 1965 पासूनचा ब्राह्मिन्स कॉफी बार, गिऱ्हाईक समोर आलं की कॉफी जमते. ‘बाय-टू’ म्हटलं की एकाच कॉफीचे दोन वाटे होतात आणि घोटभर का होईना, ती ताजी मिळते.

बिघडतं ते ऑफिसात आणि मंगल कार्यालयातल्या समारंभात. सकाळी आठला दूध-साखर घालून मोठ्या थर्मासात भरलेली कॉफी अकराला कपात येते, कोमट झाली तर पुन्हा गॅसवर चढते. कॉफीचा सुगंध उडून जाणाऱ्या द्रव्यांत असतो. उकळी आली की तो आधी जातो. क्लोरोजेनिक आम्लं उष्णतेनं विघटित होत राहतात आणि चव आंबट-कडवट होते. शिवाय दूध कोमट अवस्थेत राहिलं की जंतूंचं फावतं. दुधाची कॉफी दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवून पिणं पोटासाठीही बरं नाही.

रंगावर तर मुळीच जाऊ नये. पुडीत चिकोरी असेल, तर वास गेलेली कॉफीही दाट आणि गडद दिसते. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात चिकोरी 49 टक्क्यांपर्यंत चालते. पाकिटावरचं प्रमाण वाचूनच पूड घ्यावी.

घरी उपाय सोपा आहे. उरलेलं डिकॉक्शन घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात फ्रिजमध्ये ठेवावं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावं. ते उकळू नये. भांडं गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवावं किंवा थेट कडकडीत दूध ओतावं.

एवढा आग्रह धरण्याचं कारण शहराच्या पश्चिमेला आहे. देशातली सुमारे 70 टक्के कॉफी कर्नाटकातून येते. कोडगू, चिक्कमगळूरु आणि हासनच्या मळ्यांत झाडांच्या सावलीखाली पिकलेली फळं हातानं वेचली जातात. ती मेहनत दुपारी बेसिनमध्ये ओतली जाऊ नये. म्हणून बेंगळुरूतल्या ऑफिसांनी एवढं करावं: एका थर्मासात डिकॉक्शन, दुसऱ्यात कडकडीत दूध, साखर वेगळी. कॉफी ज्याची त्यानं कपात जमवावी.