तासांची नोंद हवी, पाळत नको

कर्मचाऱ्यांच्या वेळेचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून हल्ली कंपन्या-कंपन्यांत वाद झडतात. वाद घालणारे दोन्ही पक्ष बहुतेक वेळा दोन निराळ्या गोष्टींविषयी बोलत असतात. म्हणून हे सॉफ्टवेअर करते काय, ते आधी जवळून पाहू.

सकाळी कर्मचारी लॉगिन करतो आणि घड्याळ सुरू होते. दिवसाचे दहा-दहा मिनिटांचे कप्पे पडतात. एका कप्प्यात सेकंद सहाशे. त्यांपैकी किती सेकंदांत कीबोर्डची कळ दाबली गेली किंवा माऊस हलला, याची टक्केवारी निघते आणि तिला 'ॲक्टिव्हिटी' असे नाव मिळते. त्याच कप्प्यात केव्हातरी स्क्रीनचे छायाचित्र घेतले जाते. कोणती संकेतस्थळे उघडली, कोणत्या प्रोग्रॅममध्ये किती वेळ गेला, हेही टिपले जाते. ठरावीक मिनिटे काहीच हालचाल झाली नाही तर 'आयडल' असा शेरा पडतो आणि पुष्कळ ठिकाणी तेवढा वेळ दिवसातून वजा होतो. संध्याकाळी व्यवस्थापकापुढे हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांचा तक्ता तयार असतो.

या एकाच तक्त्यात दोन गोष्टी कालवलेल्या आहेत. काम कधी सुरू झाले, कधी संपले, कोणत्या प्रकल्पावर किती तास गेले, ही झाली नोंद. हात हलत होते की नाही, डोळ्यांपुढे काय होते, ही झाली पाळत. पहिलीचे मी मनापासून समर्थन करतो आणि दुसरीला माझा तितकाच मनापासून विरोध आहे. दोन्ही एका डबीत घालून विकल्या जातात, म्हणून दोन्ही घ्याव्या किंवा दोन्ही टाकाव्या, हे मला मान्य नाही.

सॉफ्टवेअरच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे प्रथम पुरते ऐकले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. हिंजवडी-खराडीतल्या कित्येक कंपन्या परदेशी ग्राहकाला तासांवर बिल लावतात. शुक्रवारी संध्याकाळी आठवड्याचे टाइमशीट आठवून-आठवून भरायचे, सोमवारी काय केले होते ते धड स्मरत नाही, मग सरसकट आठ-आठ तास टाकून चाळीसचा आकडा जुळवायचा, हा प्रकार या क्षेत्रातल्या कुणालाही नवा नाही. ग्राहक त्या आकड्यांचे पैसे मोजतो. त्याने खरा हिशेब मागितला तर त्यात गैर काय? पुढचा मुद्दा याहून वजनदार आहे. जिथे कसलेच माप नसते, तिथे साहेबाच्या पुढेपुढे करणारा कर्तबगार ठरतो आणि खाली मान घालून काम उपसणारा मागे राहतो. आकडा निदान कुणाची जात, गाव, ओळख पाहत नाही. आणि तिसरे म्हणजे, घरी बसून परक्या देशातल्या ग्राहकाचे तासांवर काम करणाऱ्याला ही नोंदच तारते. अपवर्क या ऑनलाइन काम मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर तासांच्या कामाचे पैसे बुडणार नाहीत अशी हमी मिळते ती काम त्यांच्या 'वर्क डायरी'त नोंदले असेल तरच. नाशिक-कोल्हापूरच्या मुलीने अमेरिकेतल्या ग्राहकाशी पैशांसाठी भांडायचे तर तिच्या हाती दुसरा पुरावा कोणता? मात्र तिथले घड्याळ ती स्वतः चालू-बंद करते आणि नको असलेले छायाचित्र, तेवढ्या दहा मिनिटांचे पैसे सोडून, काढूनही टाकू शकते. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

नोंदीच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र मालकांकडून येत नाही, तो कामगारांच्या इतिहासातून येतो. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्यातल्या मुख्य मागण्या पाहा: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, आणि पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. या चारही मागण्या वेळेच्या. रविवारची सुट्टी मिळायला 10 जून 1890 उजाडावा लागला. दिवसाची हद्द कुठेतरी आखा आणि ती लिहून ठेवा, असे त्या काळी कामगार म्हणत होता. हद्द न आखण्यात फायदा होता तो गिरणीमालकाचा.

हीच गोष्ट आपल्या काळात युरोपातल्या न्यायालयाने मान्य केली. डॉइश बँकेच्या स्पेनमधील शाखेत कोण गैरहजर होते याची नोंद ठेवली जाई, पण हजर असलेला माणूस रोज किती तास बसला याची नोंद नव्हती. ती ठेवावी म्हणून दावा लावला तो कामगार संघटनेने, आणि नको म्हणत होती ती बँक. न्यायालयापुढे आलेल्या 2016 च्या आकडेवारीनुसार स्पेनमधील 53.7 टक्के जादा तासांची कुठे नोंदच झालेली नव्हती. 14 मे 2019 रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: रोजचे कामाचे तास मोजणारी वस्तुनिष्ठ, विश्वासार्ह आणि कामगाराला पाहता येईल अशी व्यवस्था मालकाने उभारलीच पाहिजे, कारण या नात्यात कामगार दुबळा पक्ष आहे आणि नोंद नसेल तर त्याला आपला हक्क सिद्धच करता येत नाही.

म्हणूनच माझा पहिला वाद सॉफ्टवेअरवाल्यांशी नाही. 'आमचा आमच्या माणसांवर विश्वास आहे, आम्ही तास मोजत नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्यांशी तो आहे. हे वाक्य फार उदार वाटते. पण तास मोजले नाहीत म्हणून ते कमी होत नाहीत. रात्री साडेदहाचा ग्राहकाचा फोन, रविवारी दुपारी 'जरा बघशील का' म्हणून आलेला निरोप, महिनाअखेरीच्या सलग जागरणाच्या रात्री, या सगळ्याचा कुठे थांगपत्ता नसतो. 2024 च्या जुलैत पुण्यातल्या एका बड्या लेखापरीक्षण संस्थेतली 26 वर्षांची सनदी लेखापाल वारली. कामाच्या ओझ्याने मुलगी गेली, असे तिच्या आईने पत्रात लिहिले आणि ते पत्र देशभर गाजले. कंपनीने ते कारण नाकारले. कामगार खात्याचे अधिकारी चौकशीला गेले तेव्हा दिसले की, 2007 पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाने दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी फेब्रुवारी 2024 पर्यंत मागितलीच नव्हती. त्या मृत्यूचे कारण काय, हे मी ठरवू शकत नाही. पण मुलगी रोज किती तास राबत होती, हे आईला कुठल्या कागदावर दाखवता आले असते? विश्वासाच्या गोड बोलण्याने अशा वेळी कुणाचे संरक्षण होते, याचा विचार नोंदीला सरसकट नाके मुरडणाऱ्यांनी करावा.

आता पाळतीकडे वळतो. तिचे समर्थन ज्या पायावर उभे आहे तो पायाच कच्चा आहे. हात हलणे म्हणजे काम, हे गृहीतच चुकीचे. गवंड्याने थापी किती वेळा आपटली यावरून भिंत ओळंब्यात आहे की नाही ते कळत नाही. जीएसटीचे आकडे का जुळत नाहीत हे ग्राहकाला चाळीस मिनिटे फोनवर समजावणारी लेखापाल तक्त्यात 'आयडल' असते. आणि अनुभवी प्रोग्रॅमरचे काम जवळून पाहिले आहे का? दोन व्यवहार एकाच क्षणी आले की कधीतरी एक नोंद हरवते, अशी तक्रार त्याच्याकडे येते. तो लॉग चाळतो, मग खुर्ची मागे सरकवतो, वही ओढतो, दोन उभ्या रेघा मारून कोणता व्यवहार कधी कुठे पोचतो याचे बाण काढत बसतो. मध्ये उठून खिडकीपाशी जातो. तास-दीड तासाने परत येऊन तीन ओळी बदलतो, आणि महिनाभर सतावणारा दोष जातो. त्याच्या पूर्ण दिवसात सर्वांत मोलाचा वेळ तोच, आणि तक्त्यात तोच लाल. शेजारी जो दिवसभर ईमेलला ईमेल जोडत पाट्या टाकतो, त्याची पट्टी मात्र हिरवीगार.

हा माझा एकट्याचा तर्क नाही. डिसेंबर 2024 मध्ये फ्रान्सच्या खासगी माहितीच्या संरक्षणासाठी असलेल्या आयोगाने, सीएनआयएलने, एका स्थावर मालमत्ता कंपनीला 40,000 युरोंचा दंड केला. तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये कीबोर्ड किंवा माऊस 3 ते 15 मिनिटे थांबला की तो वेळ निष्क्रिय धरला जाई आणि स्क्रीनची छायाचित्रे घेतली जात. आयोगाने स्पष्ट म्हटले की, बैठक किंवा फोन हेही कामच आहे, त्यामुळे या पद्धतीने कामाचे तास विश्वासाने मोजताच येत नाहीत. मोजमापाच्या नावाखाली आणलेले यंत्र मोजमापाच्या कसोटीवरच नापास झाले.

चुकीच्या मापाचा दुसरा परिणाम असा की, माणसे काम सोडून मापाची बेगमी करू लागतात. माऊस आपोआप हलवत ठेवणारी यंत्रे ऑनलाइन दुकानांत उघड विकली जातात. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने मे 2024 मध्ये डझनाहून अधिक जणांना काढले, कारण त्यांनी कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केला होता. त्यांनी केले ते चूकच. पण आधी कळ दाबणे म्हणजे काम असे ठरवायचे आणि मग कुणी नुसतीच कळ दाबली म्हणून संतापायचे, यात माप ठरवणारे सुटतात कसे?

'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हण या वादात हमखास फेकली जाते. ती इथे लागू पडत नाही. अचानक घेतलेल्या छायाचित्रात कामचुकारपणाच येतो असे नाही. बँकेचा तपशील येतो, डॉक्टरांचा अहवाल येतो, पगारवाढीबद्दल सहकाऱ्याशी चाललेले बोलणे येते, घरातून काम करणाऱ्या बाईचा घरगुती निरोप येतो. ते कोण पाहणार, किती दिवस साठवणार, कंपनी सोडल्यावर त्याचे काय होणार, याचे उत्तर रुजू होताना सही घेतलेल्या कागदांत सहसा सापडत नाही. आपला 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही इथे फारसा आडवा येत नाही, कारण नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला मालकाला संमती मागावी लागणार नाही अशी सवलत त्याने सातव्या कलमात दिली आहे. ज्याने काही केलेले नाही, त्यालाही डरायला जागा आहे.

पाळतीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, हेही पाहावे. नागपूर महापालिकेने जीपीएसचे घड्याळ बांधले ते सफाई कामगारांच्या मनगटावर. बोगस हजेरी थांबवायची होती, हे कारण मी मानतो. ज्याच्या नावाने पगार निघतो तो माणूस कामावर आला की नाही, हे कळलेच पाहिजे. पण हजेरी सकाळी आणि पाळी संपताना लागते. मधल्या वेळात माणूस कुठे बसला, कुठे वळला, हे दर क्षणाला कळण्याची गरज नालेसफाईची फाइल दाबून ठेवणाऱ्या टेबलाच्या बाबतीत कुणाला का वाटली नाही?

वरच्या टोकाचे लोक याला ठाम विरोध करू शकतात, आणि केला की तो ऐकला जातो. लंडनच्या बार्कलेज बँकेने फेब्रुवारी 2020 मध्ये मुख्यालयात सेपियन्स या कंपनीचे सॉफ्टवेअर लावून पाहिले. ही कंपनी मूळची पुण्याची. कोण किती वेळ जागेवर नव्हता, हे त्यात साहेबाला दिसू लागले. कर्मचारी खवळले, वर्तमानपत्रांत बातमी आली आणि काही दिवसांतच बँकेने माणसागणिक पाळत बंद केली. पुण्यात घडलेले हत्यार लंडनमध्ये म्यान झाले. आपल्याकडे तसे खवळायला माणसे धजत नाहीत, कारण बाहेर बायोडाटा घेऊन उभे असलेले शंभर जण त्यांना दिसत असतात.

माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र अजून सांगायचा आहे. हे घड्याळ एकाच दिशेने चालते. पाच मिनिटे हात थांबला तर ते वेळ कापते. रात्रीच्या फोनची वीस मिनिटे ते जोडत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली गेली, आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट मोबदला ठरला. सॉफ्टवेअर घेणाऱ्या किती कंपन्यांनी तोच तक्ता वापरून जादा तासांचे पैसे आपणहून दिले? खऱ्या तासांचा ध्यास असेल, तर तो वजाबाकीपाशीच का थांबावा?

हा प्रश्न आता लांबणीवर टाकण्यासारखा नाही. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर आणि दुकाने-आस्थापनांत 9 वरून 10 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कारखान्यात तिमाहीचे जादा तास 115 वरून 144 वर नेण्याचेही त्यात ठरले. लेखी संमती आणि दुप्पट वेतन, या अटी त्यात आहेत. पण 144 तास भरले की 180, हे सांगणार कोण? नोंद एकट्या मालकाकडे असेल तर त्या अटी कागदावरच राहतील.

म्हणून जो व्यवस्थापक उद्या असे सॉफ्टवेअर विकत घेणार आहे, त्याच्याकडे माझे मागणे असे. सुरू-बंद करण्याची कळ कर्मचाऱ्याच्या हाती द्या. प्रकल्पागणिक तास टिपा, ग्राहकाला तेच दाखवा. स्क्रीनची छायाचित्रे आणि कळांची टक्केवारी बंद ठेवा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती सेटिंगमधून बंद करता येते. साहेबाला जो तक्ता दिसतो, तोच आणि तितकाच कर्मचाऱ्याला दिसू द्या, चूक असेल तर दुरुस्ती मागू द्या, नोकरी सोडताना प्रत नेऊ द्या. कामाचा दर्जा पाहायचा असेल तर काम पाहा. तक्त्यावरून माणसे हाकणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. आणि कामगार खात्याकडे एकच मागणे: 2017 च्या कायद्याने नोंदवह्या संगणकावर ठेवायची मुभा मालकाला दिलेलीच आहे, त्या वह्या उघडण्याचा पासवर्ड कर्मचाऱ्यालाही मिळाला पाहिजे, एवढी एक ओळ नियमांत घालावी.