पन्नास पौंडांचे बेट

वाऱ्याने दार आपटू नये म्हणून घरोघरी त्याला काही ना काही टेकण लावलेले असते. कुठे जुना वरवंटा, कुठे नुसता धोंडा. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरी पॅसिफिक आयलंड्स कंपनीच्या कचेरीतही असेच एक टेकण होते. कंपनीच्या एका माणसाने तो दगड नाऊरू बेटावरून उचलून आणला होता. हे दगड झालेले लाकूड असावे, पोरांना त्याच्या गोट्या करून देऊ, असा त्याचा बेत. गोट्या राहिल्याच आणि दगड दाराशी बसला. 1899 साली त्याच कचेरीतल्या आल्बर्ट एलिस या तरुणाने त्याचा एक तुकडा तपासून पाहिला, तो काय! दगड अस्सल फॉस्फेटचा निघाला.

फॉस्फेट म्हणजे शेतीचे खाद्य. गंधकाचे तेजाब घालून त्याचे सुपरफॉस्फेट करतात, हे आपल्याकडच्या बागायतदारालाही ठाऊक आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या जमिनी या बाबतीत फार भुकेल्या. आणि कंपनीची अवस्था तर अशी, की जुन्या बेटांवरचे पक्ष्यांच्या विष्ठेचे खत संपत आलेले, खोबऱ्याच्या व्यापारात दम नाही, दिवाळे वाजायचेच काय ते बाकी. अशा वेळी दाराशीच लक्ष्मी!

पण नाऊरूवर जर्मनांचा झेंडा होता. तेथून सुमारे 300 किलोमीटर पूर्वेस, विषुववृत्ताला लागून, तशाच घडणीचे दुसरे बेट होते. त्याचे नाव बनाबा; इंग्रज त्याला ओशन आयलंड म्हणत. क्षेत्रफळ अवघे सहा चौरस किलोमीटर, म्हणजे सकाळच्या वेळात पायी प्रदक्षिणा पुरी व्हावी. 3 मे 1900 रोजी एलिस तेथे उतरला आणि लगोलग एक कागद झाला. बेटावरचे फॉस्फेट काढण्याचा हक्क 999 वर्षे कंपनीकडे. मोबदला वर्षाला 50 पौंड, किंवा तेवढ्या किमतीचा माल. आपल्या त्या वेळच्या चलनात साडेसातशे रुपये! ज्याला कंपनीने ‘राजा’ ठरवून सही घेतली, त्याला सगळे बेट देऊन टाकण्याचा अधिकारच नव्हता. बनाबात जमिनीचा तुकडा न् तुकडा ज्याच्या त्याच्या मालकीचा होता.

आता कुणी म्हणेल, इतक्या स्वस्तात खाण मिळाल्यावर कंपनीला चिंता कसली? तर तसे नाही हो. चिंता पुष्कळ होत्या.

पहिली चिंता जहाजांची. बेटाला बंदर नाही. काठापासून थोड्या अंतरावर समुद्राचा तळ असा खोल जातो, की नांगर टाकायचा कुठे? शेवटी फार खोल पाण्यात लांबच लांब साखळदंड सोडून त्यांवर तरंगते बोये बसवावे लागले. माल टोपल्यांत भरून होडक्यांतून लाटा चुकवीत जहाजापर्यंत न्यायचा. पश्चिमेचा वारा सुटला की सगळेच काम ठप्प. जहाज आपले समुद्रावर घिरट्या घालीत बसायचे आणि त्याचा खर्च मात्र रोजच्या रोज चढत राहायचा. डेमरेज ज्याने भरले आहे, त्याला हे दुःख वेगळे सांगायला नको.

दुसरी चिंता पाण्याची. बेटावर ना नदी, ना ओढा. पाऊस नाही आला तर बायका जमिनीखालच्या गुहांत वाकून-सरपटून उतरत आणि करवंट्यांनी पाणी भरून आणीत. 1870 नंतरच्या दुष्काळात तर बेट जवळजवळ ओस पडले होते. कंपनीला खाऱ्या पाण्याची वाफ धरून गोडे पाणी करणारी यंत्रे बसवावी लागली. तिसरी चिंता मजुरांची. ते गिल्बर्ट आणि एलिस बेटांतून, चीनमधून, जपानमधून आणायचे, त्यांचे तांदूळसुद्धा जहाजानेच यायचे.

कंपनीने या सगळ्यांतून वाट काढली, हे मान्य केले पाहिजे. नाऊरूच्या बाबतीत जर्मनांशीही तडजोड झाली. पुढे 1920 साली ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तीन सरकारांनी सारा धंदा 35 लाख पौंडांना विकत घेतला आणि आपापल्या शेतकऱ्यांना ‘पडत्या किमतीत’ खत पुरवायचे ठरवले.

या पडत्या किमतीतच खरी गोम आहे. साखळदंड, कोळसा, मजुरी, पाणी यांच्या किमती चुकवता येत नव्हत्या. चुकवता येण्याजोगी रक्कम एकच होती: जमिनीची. 1913 च्या करारात बनाबांसाठी टनामागे सहा पेन्स ठरले. म्हणजे आपले सहा आणे! आणि 1928 नंतर लोकांनी आणखी जमीन द्यायचे नाकारले, तेव्हा सरकारने कायदा करून 1931 साली ती सक्तीने घेतली. माल काढल्यावर मागे उरत ते चुनखडीचे सुळके. त्यांत नारळ रुजत नाही.

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी बेट घेतले, लोकांना इतरत्र हलवले, कित्येकांना मारले. युद्ध संपल्यावर उरलेल्यांना घरी न नेता 15 डिसेंबर 1945 रोजी फिजीतल्या राबी बेटावर उतरवण्यात आले. ऐन वादळांचे दिवस आणि राहायला तंबू. हे राबी 1942 साली लीव्हर कंपनीच्या मळेवाल्या शाखेकडून विकत घेतलेले होते. तीच लीव्हर, जिचा सनलाइट साबण आपल्या मोऱ्यांतून वर्षानुवर्षे होता. किंमत 25 हजार पौंड, आणि तीही बनाबांच्याच साठलेल्या पैशांतून! गेलेल्या घराच्या पैशांत दुसरे घर घेऊन दिले, आणि वर उपकार!

बनाबांनी लंडनच्या कोर्टात दावा लावला. न्यायाधीश मेगरी स्वतः बेट पाहून आले. 1976 च्या निकालात त्यांनी सरकारच्या वागण्यावर टीका केली, पण कायद्याने देणे फारसे लागू होत नाही, असेच म्हटले. पुढे 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ करण्यात आले. 1979 साली खाण संपली. तोवर सुमारे 2 कोटी टन माल बाहेर गेला होता.

व्यापारात नफा होणे हे पाप नव्हे. पण एखादी वस्तू फारच स्वस्त मिळाली, तर वहीतले कोणते कलम भरायचे राहिले, हे एकदा विचारावे. बनाबाचे थोडे लोक आज त्या बेटावर राहतात, बाकीचे राबीवर. तेथे दरवर्षी 15 डिसेंबरला ते जमतात, नाचतात, आणि नाचातूनच आपल्या बेटाची हकीकत मुलांना सांगतात. त्यांची वही अजून मिटलेली नाही.