लक्ष दे म्हटल्यानं लक्ष लागत नाही

दहावीचा निकाल लागला की जळकोटात महिनाभर एकच बोलणं चालतं. कुणाचं लेकरू लातूरला ठेवायचं, कुणाचं सोलापूरला, खोलीचं भाडं किती, क्लासची फी किती आणि सोयाबीनचे पैसे त्याला कितपत पुरतील. सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेला हॉटेलच्या बाकावर बसून मी ही बोलणी ऐकत आलो, आणि लेकरांचं कुतूहल मारू नका असं त्यांत बोलतही आलो. यंदा नात्यातल्या एका काकांनी मला सरळ सुनावलं, "बाबा, तुझं ते कुतूहल शहरातल्या लेकरांना परवडतं. आपल्या लेकरानं मुकाट्यानं पाठ करावं, पेपर सोडवावेत, मार्क पाडावेत. नोकरी लागल्यावर काय विचार करायचा तो करील."

काकांनी घरातल्या मुलाच्या शिक्षणासाठी जमिनीचा तुकडा गहाण ठेवलाय. अशा माणसाला उडवून लावणारं उत्तर देणं पाप आहे. वाद घालायची आपली जुनी रीत अशी, की पूर्वपक्ष आधी पुरता मांडायचा. इतका नीट की समोरच्यानं म्हणावं, हो, मला हेच सांगायचं होतं. तर काकांचं म्हणणं असं. कोरडवाहू रान, भरवशाचा नसलेला पाऊस, आणि त्यातून बाहेर पडायची एकच शिडी, परीक्षा. शिडी चढणाऱ्यानं इकडंतिकडं बघू नये. दुसरं, आजकालच्या पोरांचं चित्त ठिकाणावर नसतं, तेव्हा ते धाकानं, सरावानं, पुन्हा पुन्हा बसवूनच ठिकाणावर आणायला हवं. आणि तिसरं, जे शाळेतले लोकही म्हणतात: आधी वाचता तर येऊ द्या. 'असर'च्या २०२२ च्या शिक्षण पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधारण ४३ टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. ज्यांना वाचता येत नाही त्यांना प्रश्न विचारायला काय शिकवता?

यातला पहिला मुद्दा लातूरच्या बळावर उभा आहे, म्हणून लातूरपासून सुरू करतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या भागात उच्च शिक्षणाची वाट फार उशिरा उघडली. तिथं राजर्षी शाहू महाविद्यालयानं आणि त्याचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांनी जे घडवलं, ज्याला लोक लातूर पॅटर्न म्हणतात, त्यामुळं शेतकऱ्याची मुलं डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली. लातूर पॅटर्नला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. पण त्या पॅटर्नमधून आपण काय उचललं? जादा तास, सराव परीक्षा, पहाटेची अभ्यासिका. प्राचार्य वाघमारे स्वतः कोण होते? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा ध्यास घेतलेले, त्यावर मराठीत ग्रंथ लिहिणारे अभ्यासक. मराठवाड्यात बसून समुद्रापलीकडच्या एका पिचलेल्या समाजाचं साहित्य वाचावं, हे त्यांना कोणत्या परीक्षेनं सांगितलं होतं? त्या माणसाचं वेळापत्रक आपण घरोघर नेलं, त्याची तहान मात्र तिथंच राहू दिली.

आता चित्ताचं. आमच्या गावात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. हंगामात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तिथं ओळीनं पडलेल्या असतात. तिथं काम करणारा पोरगा शाळेत 'याचं लक्षच नसतं' म्हणून बदनाम होता. तो तांब्याच्या तारेचे वेढे मोजत असतो तेव्हा त्याला हाक मारून बघा. ओ देत नाही. एक वेढा चुकला तर सगळी कॉइल सोडून पहिल्यापासून गुंडाळतो, कुणी सांगावं लागत नाही. याच्याकडं एकाग्रता नाही असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. ती होतीच. शाळेनं तिला गुंतायला काही दिलं नाही. मोटार का जळली, हा प्रश्न त्याच्यासमोर धूर ओकत पडलेला असतो. वहीतला प्रश्न मात्र कुणीतरी कुणाला तरी कधीतरी विचारलेला असतो.

कुणी म्हणेल, मोबाइलवरही पोरगं दोन तास हलत नाही, ती काय एकाग्रता झाली? प्रश्न रास्त आहे. दोन तास रील बघून उठलेल्या मुलाला विचारा, काय पाहिलंस. त्याला धड एक गोष्ट सांगता येत नाही. मोटारीवाल्या पोराला आठ दिवसांनी विचारा, तो सांगेल कोणत्या स्लॉटमधली तार काळी पडली होती. आपली भाषा इथं नेमकी आहे. कुतूहल क्षणात जागं होतं, क्षणात विझतं. जिज्ञासा म्हणजे जाणून घ्यायची इच्छा; तिला वेळ लागतो, ती माणसाला बसवते. ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडं अवधान मागतात, पण केव्हा? आठ अध्याय ऐकवून त्यांना गोडी लावल्यावर. आपण शाळेत पहिल्याच तासाला ओरडतो, "लक्ष दे!" लक्ष देण्याजोगं काही पुढ्यात ठेवायच्या आधीच.

एक आठवण सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. १९९३ साली मी सहावीत होतो. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जनाहून लोक उशिरा परतलेले. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी, सास्तूर इथं गावंच्या गावं गेली. जळकोटात आम्ही वाचलो, पण महिनाभर कुणी छताखाली झोपलं नाही. शाळा भरली तेव्हा भूगोलाच्या तासाला पूर्वीचंच उत्तर पुन्हा म्हणून घेतलं गेलं: दख्खनचं पठार कठीण खडकाचं, स्थिर. आम्ही ते म्हटलंही. रात्री तळवटावर पडलेली असताना पाठीखालची माती थरथरते की काय म्हणून दचकून उठणारी आम्ही लेकरं दिवसा एका सुरात म्हणत होतो की ती स्थिर आहे. पाठांतर प्रश्नाला कसं गाडून टाकतं, हे मी तेव्हा अनुभवलं.

पण त्याच शाळेत दुसरे एक गुरुजी होते. एका पोरानं त्यांना विचारलं, "गुरुजी, सास्तूरकडं दगडाचे वाडे पडले आणि कुडाची खोपटं राहिली, असं कसं?" गुरुजींनी पुस्तक मिटलं. एक फळी आणायला लावली, खाली चार बाटल्या आडव्या घातल्या. फळीवर आम्ही गोटे रचून चिखलानं भिंती केल्या, वर माळवदासारखा मातीचा जाड थर दिला. शेजारी काड्यांचं खोपट बांधलं. गुरुजींनी फळी हलवली. माळवद धपकन बसलं. खोपट डुललं आणि उभं राहिलं. मग कुणीतरी म्हणालं, भिंतीला तार बांधून बघू. तार बांधली, पुन्हा हलवलं. मग आडवा दगड घालून बघू. मग थर पातळ करून बघू. चाळीस पोरांच्या त्या वर्गात कुणी बोलत नव्हतं. मधली सुट्टी झाली, घंटा वाजली, आणि एकही जण उठला नाही. भूकंपाच्या भागात नवी घरं बांधताना पुढं काँक्रीटचे आडवे पट्टे भिंतींत घातले गेले, ते बघून आम्ही एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. हे आम्हाला आधीच ठाऊक होतं.

त्या दिवशी आम्हाला कुणी 'लक्ष द्या' म्हटलं नव्हतं. आणि भूगोलाचं ते पुस्तक मी घरी जाऊन पहिल्यांदा स्वतःहून वाचलं. 'आधी वाचन, मग प्रश्न' म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हेच. अडखळत वाचणारी आमच्या वर्गातली पोरंसुद्धा त्या महिन्यात वर्तमानपत्राचा प्रत्येक कपटा वाचत होती, अक्षर लावून लावून, कारण त्यांना त्यातून काहीतरी हवं होतं. ज्याला काही हवं नाही त्याच्यापुढं अक्षरं नुसती काळी असतात.

काकांचा खरा घाव मात्र दुसरा आहे: गरिबाला परवडत नाही. त्यावर मी त्यांना जामखेडला नेईन. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथं काम सुरू केलं आणि आरोग्याची जबाबदारी सोपवली खेड्यांतल्या बायांवर. त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित, घरात ज्यांचं कुणी ऐकत नव्हतं अशा. त्या नियमानं जामखेडला यायच्या, गावात काय पाहिलं ते सांगायच्या, एकमेकींना विचारायच्या. बाळ जुलाबानं का सुकतं, बाळंतीण कशानं दगावते. शिकलेलं गावात नेऊन लावायच्या आणि न जमलेलं घेऊन परत यायच्या. त्यांनी बाळंतपणं सुखरूप केली, लेकरं वाचवली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यामागं या बायांचे हात होते. त्यांच्यापाशी पाटी नव्हती, पेन्सिल नव्हती, फी नव्हती. गावात मेलेली लेकरं डोळ्यांसमोर होती आणि ती का मेली हा प्रश्न होता. तेवढं भांडवल त्यांना पुरलं. ज्याच्याकडं दुसरं काही नाही, त्याच्याकडून हे एवढंही काढून घ्यायचं आणि वर म्हणायचं की ते त्याला परवडत नाही?

आता दुसऱ्या अंगाच्या लोकांशीही मला भांडायचं आहे. शहरातून येणाऱ्या शिबिरांत हल्ली ऐकतो, मुलांना मोकळं सोडा, पाठांतर नको, पाढे नकोत, सगळं हसतखेळत. हेही मला पटत नाही. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ असलेली माझी आजी बाजारात आडत्याच्या आधी हिशेब सांगायची. पाठ असणं हे कधीच ओझं नव्हतं. कशासाठी पाठ करायचं हे हरवलं की ते ओझं होतं. आणि नुसतं कुतूहल चाळवून सोडून देणं हा मुलांशी केलेला अन्याय आहे. प्रश्न पडल्यावर तासन्‌तास त्याच्यापाशी बसायची सवयही मोठ्यांनीच लावायची असते, स्वतः शेजारी बसून.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचं नाव मी या दोन्ही पक्षांपुढं ठेवतो. जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९३० पासून बत्तीस वर्षं देवळालीच्या शाळेत शिक्षक. गणितात पदव्युत्तर शिक्षण नाही, प्रयोगशाळा नाही, हाताशी फक्त आकडे. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेली संख्या वजा करा. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तसंच करा. फार तर सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता, आणि मग कितीही केलं तरी तिथून हलत नाही. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. इथल्या अनेक विद्वानांना हा पोरखेळ वाटला. १९७५ साली मार्टिन गार्डनर या गणितलेखकानं अमेरिकेत त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला देवळालीचे हे मास्तर कळले. या माणसानं हजारो वजाबाक्या हातानं केल्या असतील. वजाबाकी हाच शाळेतला सर्वांत कंटाळवाणा सराव ना? त्याच सरावाच्या पोटात एक प्रश्न ठेवला तर तो आयुष्यभर पुरला.

म्हणून माझं मागणं साधं आहे, आणि ते काकांच्या पैशांशी भांडत नाही. जळकोटच्या शेजारी नळदुर्गचा किल्ला आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर आणि मादी या सांडव्यांवरून पाणी कोसळतं, आणि बंधाऱ्याच्या आतल्या दालनात उभा असलेला माणूस कोरडा राहतो. दर वर्षी शाळांच्या सहली तिथं येतात. रांगेनं आत, रांगेनं बाहेर, फोटो, पुढचं ठिकाण. एका वर्षी तरी पोरांना त्या दालनात दोन तास बसू द्या. पाणी आत का येत नाही, हे कुणी त्यांना सांगू नका. भिंत हातानं मापू द्या, चित्र काढू द्या, भांडू द्या. परीक्षा मार्चमध्ये आहेच.

काकांच्या धाकट्या नातीचा जन्म २०१४ चा. मागच्या रविवारी ती माझ्याकडं आली होती, मी तिला कापरेकरांची रीत सांगितली आणि म्हणालो, तुझं जन्मसाल घे. ती ओट्यावर पालथी पडून लिहीत राहिली: ४०८६, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६. सातव्या वेळी ६१७४ आलं तेव्हा तिनं मान वर केली. मला वाटलं, झालं. पण तिनं विचारलं, "दोनच आकडे घेतले तर?" मलाही माहीत नव्हतं. तिनं ९० घेतले. ८१, ६३, २७, ४५, ९. आणि पुन्हा ९०, पुन्हा ८१. काका तिला जेवायला हाक मारत होते, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. "हे थांबतच नाही हो, गोल गोल फिरतंय," ती माझ्याकडं न बघता म्हणाली आणि वहीचं पान उलटून तिनं तीन आकडे मांडायला घेतले.