दुखणं आपलं, मैदान कुणाचं?

‘दिवसभर राबतेच की मी, आणखी वेगळा व्यायाम कशाला?’ वस्तीतल्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. पाठोपाठ दुसरं येतं, ‘आणि गुडघे एवढे दुखतात, चालू तरी कशी?’ बोलणारीचा थकवा खरा असतो, दुखणंही खरं असतं. पण म्हणून व्यायाम नको, हा निष्कर्ष मला पटत नाही. तो आपल्यापेक्षा इतरांच्याच सोयीचा आहे.

घरकामाने शरीर हलतं, हे खरं. ते मोजलंही पाहिजे. पण केरफरशी, धुणंभांडी, पाण्याचे हंडे यांत तेच ते सांधे तासन्‌तास झिजतात. कंबर वाकलेली, गुडघे मुडपलेले. दमल्यावर थांबायचं की नाही, हेही बाईच्या हातात नसतं. व्यायामात मात्र किती, कसं आणि कधी थांबायचं हे तीच ठरवते. फरक घामाचा नाही, अधिकाराचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं, की प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, थोडा दम लागेल इतपत हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. जुनाट दुखणी असणाऱ्यांनीही, झेपेल तेवढा. गुडघ्यांची झीज पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळते. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा ताण हलका होतो आणि दुखणं कमी होतं. साध्या कंबरदुखीतही अंथरूण धरून पडून राहा, असा सल्ला आता दिला जात नाही.

माझी स्वतःची कंबर दुचाकीवरच्या फिरतीने धरलेली असते. मी सकाळी मोकळ्या मैदानावर चालते, बाकावर बसून हात न टेकता दहा वेळा उठते, भिंतीला हात लावून टाचा उचलते. याला पैसे लागत नाहीत. एक ठोकताळा सांभाळते: करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असलं तर पुढच्या वेळी निम्मंच करायचं. पाय मुरगळला तर एक-दोन दिवस विश्रांती, बर्फाचा शेक, पट्टी, पाय उशीवर. मग हळूहळू हालचाल सुरू. मात्र पाय टेकवतच नसेल, गुडघा अडकत असेल, पायाला बधिरपणा येत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर मैदानावर नव्हे, डॉक्टरकडे जायचं.

काही दुखण्यांबद्दल आपण एकमेकींशीही बोलत नाही. उडी मारताना, खोकताना लघवी होणं. अंग बाहेर येणं. यामुळे कितीतरी जणी व्यायामच सोडून देतात. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात त्यांचा व्यायाम असतो, उपचारही असतात. हे आपल्या शिबिरांतून उघडपणे सांगायला हवं. तसंच थोडं चालून धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासायला हवं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. अशा बाईला ‘आळशी’ म्हणणं हा अन्यायच आहे.

पण हे सगळं सांगून आपण बाईवर आणखी एक कर्तव्य लादतो आहोत का? वेळ आणि जागा मिळाल्याशिवाय सांगितलं, तर नक्कीच. २०१९ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या. जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटं. बाईच्या व्यायामाचा अर्धा तास या तफावतीतूनच निघायला हवा, तिच्या झोपेतून नव्हे.

राहिला जागेचा प्रश्न. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकात मुंबईबद्दल दाखवून दिलं, की सार्वजनिक जागेत असायला बाईला काहीतरी ‘काम’ दाखवावं लागतं. मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना कुणी कारण विचारत नाही. आपण साडी खोचून हात फिरवू लागलो की मात्र कट्ट्यावर हसू फुटतं. बागेतल्या व्यायामाच्या यंत्रांवर मुलं लोंबकळतात, आणि ती कशी वापरायची हे शिकवायला कुणीच नसतं. अशाने जुन्या दुखण्यात नवी दुखापत व्हायची.

म्हणून मैत्रिणींनो, हा विषय ‘तब्येत सांभाळा गं’ इतक्यावर सोडू नये. गटाच्या पुढच्या बैठकीत तो घ्या. पाच-सहाजणी मिळून मैदानावर जा. एकटीकडे लोक बघतात, घोळक्याला वाट देतात. महापालिकेकडे, ग्रामपंचायतीकडे मागा: मैदानावर दिवे, स्वच्छ स्वच्छतागृह, बसायला बाक, शाळेचं मैदान सकाळ-संध्याकाळ खुलं, आणि शिकवणारी एक प्रशिक्षित बाई. आजवर शरीरावरच्या हिंसेबद्दल आपण बोललो, बोलत राहू. त्याच शरीराच्या बळाबद्दल, त्याने मोकळ्या हवेत घ्यायच्या श्वासाबद्दलही तितक्याच ठामपणे मागणी करायला हवी.