गृहकला : जुन्या लेसची पारख

वाडा पाडून त्या जागी नवी इमारत उठू लागली, की माळ्यावरील पेट्या अंगणात येतात. नगर शहरात हे आता नित्याचेच झाले आहे. पितळेची भांडी, पोथ्या व शालू यांची किंमत सर्वांस कळते. परंतु आजीच्या पोलक्याची जाळीदार पट्टी, कुंचीची झालर किंवा देव्हाऱ्यातील रुमाल बोहारणीच्या गाठोड्यात जातो. तो जाण्यापूर्वी नीट पाहून घ्यावा, एवढ्यासाठी हा लेख.

लेस म्हणजे कापडावरील भरतकाम नव्हे. येथे मुळी कापडच नसते. केवळ सुताने पोकळी बांधून नक्षी उभी करावयाची असते. हातच्या लेसचे मुख्य प्रकार तीन.

पहिली सुईची लेस. ही सोळाव्या शतकात व्हेनिस येथे भरभराटीस आली. चर्मपत्रावर नक्षी काढून तिच्या रेषांवर दोरा टाचतात, त्याच्या आधाराने काजाच्या टाक्यांनी आतील जागा भरतात, आणि शेवटी टाचण कापून लेस सोडवितात. फ्रान्समध्ये कोल्बेर या मंत्र्याने १६६५ साली या धंद्यास राजाश्रय दिला. तेथील आलाँसाँच्या लेसचा एक चौरस सेंटिमीटर भरण्यास सात तास लागतात! २०१० साली युनेस्कोने या कलेची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली.

दुसरी उशीची लेस; हिचे माहेर फ्लँडर्स व इटली. उशीवर नक्षीचा कागद ठेवून टाचण्या टोचतात आणि लाकडी बॉबिनांवर गुंडाळलेले धागे एकमेकांवरून नेऊन पीळ देतात. वेणी घालणाऱ्या हातास यातील मर्म सहज उमगेल. हिचा भरीव भाग भिंगाखाली विणलेल्या कापडासारखा दिसतो. सुईच्या लेसमध्ये मात्र टाक्यांचे फासे दिसतात.

तिसरा क्रोशा. आपल्या तोरणांतील साखळ्या व खांब हीच त्याची ओळख. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमधील अनेक कुटुंबांस याच आकडीने घास दिला.

इंग्लंडमध्ये हीथकोट याने १८०९ साली जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पुढे यंत्राची लेस स्वस्त झाली. तिच्यातील प्रत्येक फूल दुसऱ्याशी तंतोतंत जुळते. हातच्या कामात थोडा फरक राहतोच.

आपल्या देशात ही कला बहुतांशी मिशनांच्या द्वारे पसरली. मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा नगरकरांस ऐकून ठाऊक आहेत. दक्षिणेत नागरकोविल येथील तशाच शाळेत १८२० च्या सुमारास मार्था मॉल्ट यांनी लेसकाम सुरू केले. आंध्रातील नरसापूरचा क्रोशा तर परदेशी जाऊ लागला. तेथील कामकरणींवर मारिया मीस या जर्मन विदुषींनी लिहिलेला ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. जगाच्या बाजारासाठी राबणाऱ्या या स्त्रिया केवळ 'गृहिणी' गणल्या जात आणि त्यांचे काम फुरसतीचे ठरे, असे त्यांस आढळले. मजुरी अल्प पडण्याचे हेही एक कारण होते.

आपल्या घरांतूनही दुपारचा विरंगुळा म्हणून जे विणले गेले, त्याचे तास कोणी मोजले? निदान जे उरले आहे ते तरी राखावे. लेस पिळू नये वा दगडावर घासू नये. मलमलीच्या तुकड्यावर पसरून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावी व सावलीत सपाट वाळवावी. खळ घालून ठेवू नये. तिला कसर लागते. घडी न घालता जुन्या धुतलेल्या मलमलीसह गुंडाळावी, म्हणजे मोडीवर धागा तुटणार नाही.

आणि सोबत एक चिठ्ठी ठेवावी : कोणी विणली, कोणासाठी, कोणत्या साली. सांगणारी वडील माणसे घरात आहेत तोवरच हे विचारून घ्यावे. लेसवरून विणणारीचा हात कळतो, नाव कळत नाही.