सहा, सहा, सहा, चार

आमची नात नववीत आहे. तिच्या मराठीच्या बाईंनी यंदा तुकोबांचा अभंग शिकवला आणि म्हणाल्या, आता ह्याच मापात घरचं काहीतरी लिहून आणा. माप दिसायला सोपं. चार चरण, पहिल्या तिनांत सहा-सहा अक्षरं, शेवटच्यात चार. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळलं पाहिजे. जोडाक्षर एकच धरायचं.

पोरगी रात्री बोटं मोजत बसली. ‘रात्रीची येते वीज’ लिहिलं, सात भरली. खोडलं. शेवटी उतरलं ते असं :

रात्री येते वीज । बाप धरी दारं ।
गार झोंबे वारं । आई जागी ॥

रात्रीच्या लायटीवर पोरगं पाणी द्यायला जातं हे सगळ्या घराला माहीत. सूनबाई तोवर जागी असते, हे कुणी कधी बोललं नव्हतं. मग नातीनं आपण होऊन पुस्तक उघडलं, तुकोबांची अक्षरं मोजली. म्हणाली, “आबा, एकबी जास्त नाही ओ!”

पुढं पालकसभा झाली. एकजण उठला, हे परीक्षेला येणार आहे का? दुसरा म्हणाला, पोरांनी तुकोबांची बरोबरी करायची का? हेडसरांनी मान डोलावली. लिहिणं बंद, गाईडातलं रसग्रहण पाठ करणं सुरू.

अहो, बरोबरी कसली? खुरपं हातात न देता खुरपणी शिकवलीय का कुणी? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता गाणी रचली. ती कागदावर उतरली म्हणून राहिली, आणि पुस्तक निघालं 1952 साली, त्या गेल्यावर. त्याच बाईच्या कवितेची वैशिष्ट्यं आज पोरं घोकतात, तीही दुसऱ्यानं लिहिलेली! मीही दहावीला असंच घोकलं. भावार्थ, मध्यवर्ती कल्पना, सगळं. त्यातलं अक्षर आठवत नाही. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मात्र अजून तोंडात आहेत, त्याला मार्क नव्हते.

मार्कांशी माझं भांडण नाही. पोरं शिकून नोकरीला लागावीत, शेतीचं काय खरं नाही. पण ज्याला सहा अक्षरांत बाप बसवता आला, त्याला रसग्रहणाची भीती का वाटावी?

वही आता दप्तरात नसते, फळीवर असते. नातीनं दुसरं कडवं घेतलंय, शेवटची चार अक्षरं अडलीत. मी सुचवलं, ‘मोटर जळाली’.

सहा भरतात, म्हणाली.