'माझा छकुला'तल्या गुंडांवर हसणारे आपण 'मुलं पळवणाऱ्या टोळी'च्या मेसेजला का घाबरतो?

नव्वदीत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला 'माझा छकुला' वेगळा सांगावा लागत नाही. महेश कोठारेंचा हा सिनेमा 1994 चा. त्यांचा मुलगा आदिनाथ त्यात छकुला झाला होता, सोबत लक्ष्मीकांत बेर्डे होतेच. एवढंसं पोर गुंडांच्या टोळीला पुरून उरतं, एवढीच गोष्ट. तिची प्रेरणा 1990 च्या 'होम अलोन'मध्ये होती, हेही आता सगळ्यांना माहीत आहे.

या सिनेमांची एक ठरलेली रीत असते. चोर बावळट असतो आणि तो चोर आहे, हे प्रेक्षकाला पहिल्या मिनिटापासून ठाऊक असतं. त्याच्या डोक्यात रंगाचा डबा बसतो, तापलेल्या मुठीने हात भाजतो, तरी तो उठून पुन्हा मार खायला येतो. पोराला काही होणार नाही याची खात्री असते, म्हणून आपण निवांत हसतो. पण या रचनेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सहसा लक्षात येत नाही, ती म्हणजे घर. पोराकडे कडीकुलूप लावता येईल, सापळे रचता येतील असं घर असतं. 1994 मध्येच आलेल्या 'बेबीज डे आऊट'मधलं बाळ तर बंगल्यातलं. अमेरिकेत आपटलेला तो सिनेमा भारतात मात्र डोक्यावर घेतला गेला.

नेमक्या त्याच वर्षांत कोल्हापूर, पुणे, नाशिक या भागांत खरीखुरी मुलं पळवली जात होती. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, यांचं हे प्रकरण. 1990 ते 1996 दरम्यान 13 मुलांचं अपहरण आणि त्यातल्या काहींचे खून, असा तो खटला होता. पहिलं मूल कोल्हापुरातल्या एका भीक मागणाऱ्या बाईचं होतं.

मुलं का पळवायची? या तिघी देवळांत, जत्रांत, स्टँडवर पाकीटमारी करायच्या. कडेवर मूल असलेल्या बाईवर कुणी चटकन संशय घेत नाही आणि पकडलं गेलंच, तर मुलाकडे बघून लोक सोडून देतात. म्हणजे सिनेमातल्या गुंडासारखं यांच्या चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. आणि फूटपाथवर झोपणाऱ्या पोराला सापळा लावायला दार कुठून असणार? कॉमेडीला लागणारी एकही गोष्ट इथे नव्हती.

अंजनाबाई खटला सुरू होण्याआधीच कोठडीत मरण पावली. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने 2001 मध्ये दोघी बहिणींना फाशी सुनावली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे दयेचा अर्ज निकाली काढायला सरकारने इतका उशीर लावला की त्याच कारणावरून जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली.

असं एखादं प्रकरण लोकांच्या मनात घर करून बसतं. 'मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा' हा मेसेज म्हणूनच इतक्या वेगाने पुढे जातो. भीती पूर्णपणे खोटी नाही, पण ती ज्यांच्यावर निघते ते बहुतेकदा भलतेच असतात. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. पाचही जण भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. ज्या थरातल्या बाईचं मूल कोल्हापुरात पहिल्यांदा पळवलं गेलं, साधारण त्याच थरातली ही माणसं. गरिबाचं पोर हरवलं तर गाव गोळा होत नाही, पण अनोळखी गरीब दिसला की होतं, हे जास्त बोचणारं आहे.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. तरीही सप्टेंबर 2022 मध्ये कोल्हापूरच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. ते पंढरपूरला निघाले होते आणि त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता.

असा मेसेज ग्रुपवर आला तर त्यात ठिकाण, तारीख आणि पोलीस ठाण्याचं नाव आहे का, ते आधी बघा. खरंच एखादं मूल संकटात दिसलं, तर लहान मुलांसाठी 1098 आणि पोलिसांसाठी 112 हे क्रमांक आहेत.